परातीभोवतीचा पाहुणचार

जुन्नरच्या शिवनेरी किल्ल्याच्या कड्यात कोरलेल्या लेण्यांमध्ये एक छोटासा ब्राह्मी लेख आहे. चिट नावाच्या एका यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दान दिला, एवढीच त्यात नोंद. काळ सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याच डोंगरात इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दिल्याचं कोरलेलं आहे, आणि जुन्नरच्याच आणखी एका लेखात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याचा उल्लेख सापडतो. कोकणातून नाणेघाट चढून माल जुन्नरात यायचा, मालाबरोबर लांबलांबची माणसं यायची, काही इथेच राहायची. या परक्या माणसांनी इथे काय मागे ठेवलं, तर एकत्र जेवायला बसायची जागा आणि प्यायचं पाणी. जुन्नरविषयी लिहायचं तर सुरुवात १६३० च्या शिवजन्मापासून करतात आणि ते रास्तच आहे. पण खाण्याविषयी लिहायचं असेल, तर मला या भोजनमंडपापासून सुरुवात करावीशी वाटते.

पुढच्या पानांत जे आहे ते अगदी साधं आहे. घरी पाहुणे आले, की जेवणाची पानं मांडण्याआधी मधोमध एक मोठी परात ठेवायची. तिच्यात चार-पाच पदार्थ, सगळे आधी करून ठेवलेले, सगळे हाताने उचलता येण्यासारखे. सगळ्यांनी तिच्याभोवती बसायचं, थोडं थोडं घेऊन खायचं, बोलायचं. शहरातल्या हॉटेलांत याला स्टार्टर प्लॅटर म्हणतात आणि त्याचे चांगले पैसे घेतात. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या घरांत ते नव्याने शिकायची गरज नाही. लागणारं सगळं इथल्या शेतात, गोठ्यात आणि डब्यात आहे. फक्त ते एका ठिकाणी मांडायचं राहिलं आहे.

मला हा विषय महत्त्वाचा वाटतो तो एका कारणासाठी. आपल्या घरी पाहुणे येतात तेव्हा ज्या बाईने सगळं रांधलेलं असतं, ती पाहुण्यांना भेटतच नाही. ती चुलीपाशी, हल्ली गॅसपाशी, उभी असते. भजी तळून झाली की भाकरी, भाकरी झाली की पुन्हा रस्सा गरम करायचा, मग वाढायचं. पाहुणे निघायला लागतात तेव्हा ती पदराला हात पुसत दारात येते आणि म्हणते, "बसायलाच मिळालं नाही बघा." गरम गरम वाढणं म्हणजेच मान देणं, हे आपल्या मनात इतकं घट्ट बसलं आहे की त्या मानाची किंमत कोण मोजतं हे आपण विचारत नाही. परातीची ही पद्धत त्या बाईला स्वयंपाकघरातून बाहेर आणते. निदान पहिला तासभर तरी ती सगळ्यांबरोबर खाली बसते, तिचं बोलणं होतं, तिची जाऊ काय म्हणाली हे तिला दुसऱ्याकडून ऐकावं लागत नाही. पदार्थ निवडताना मी हीच कसोटी लावली. ज्यासाठी पाहुणे आल्यावर कुणाला उठावं लागेल, तो पदार्थ कितीही चवदार असला तरी परातीत नको. कांदाभजी म्हणूनच या पुस्तिकेत नाहीत, आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण ओतूरच्या कांद्याची भजी मला अतिशय आवडतात.

आलेल्याच्या हातावर आधी काहीतरी कोरडं ठेवायचं, ही रीत इथे जुनीच आहे. उन्हातून आलेल्या माणसापुढे पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा यायचा, कुठे गुळाबरोबर मूठभर भाजलेले शेंगदाणे. चहा आला आणि गूळ मागे पडला. तरी खेड्यांतल्या जुन्या घरांत आजही आजी आधी गूळच पुढे करते. गूळ-शेंगदाणे ही आपली पहिली परात. तिच्यात काहीच शिजवावं लागत नाही, भूक मरत नाही, दमलेल्या अंगाला चटकन तरतरी येते. पुढच्या सगळ्या पानांतून मी गूळ-शेंगदाणे काढलेले नाहीत. कोणत्याही परातीच्या एका कोपऱ्यात ते असावेत, असं माझं मत आहे.

परात खरी कामाला येते ती जत्रेत. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात, आणि तिथून पुढे चैत्र-वैशाखभर एकेका गावची जत्रा. लेकी माहेरी येतात, जावई येतात, मुंबईत माथाडी किंवा गिरणीकामगार म्हणून गेलेल्या घराण्यांची पुढची पिढी गाड्या करून येते. बैलगाड्यांच्या शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली तेव्हा या जत्रांचा मोठा भाग मुका झाला होता. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने ती कायम केली. आता शर्यतीच्या घाटात पुन्हा गर्दी असते. आणि जत्रेतले पाहुणे एका वेळी येत नाहीत. कुणी सकाळी देवाला नैवेद्य दाखवायच्या वेळी, कुणी भर दुपारी घाटातून धुळीने माखून, कुणी संध्याकाळी छबिन्याच्या आधी. दर वेळी नव्याने ताट वाढणं घरातल्या कुणालाच झेपत नाही. ओसरीवर परात भरलेली असली, वर पातळ फडकं टाकलेलं असलं, की येणारा बसतो, खातो, पाणी पितो, आणि मटण-भाकरीची पंगत बसेपर्यंत त्याची भूक धरून राहते.

कामाची वाटणी कशी करावी हेही याच मुलखाने दाखवून दिलं आहे. जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाला, पठारावर, आणे नावाचं गाव आहे. तिथे रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. आमटी एकाच ठिकाणी, मोठाल्या कढयांत, भरपूर मसाला घालून होते. भाकरी मात्र घराघरातून येतात, गावातून आणि आसपासच्या वाड्यांतून, टोपल्याच्या टोपल्या. हजारो माणसं जेवतात आणि एका घरावर भार पडत नाही. घरगुती परातीलाही हे लागू आहे. शेजारणीने चटणी आणावी, नणंदेने शेंगा उकडाव्यात, मुलांनी द्राक्षं धुवावीत. पाहुण्यांनीही एखादा डबा आणला तर तो परातीत मोकळेपणाने मांडावा, आत नेऊन ठेवू नये.

आता मासवडी. या दोन तालुक्यांच्या, आणि शेजारच्या खेड-संगमनेरच्याही, स्वयंपाकाची ओळख एका पदार्थात सांगायची तर ती मासवडीत सांगावी लागेल. नाव काहीही असो, ती पूर्ण शाकाहारी आहे. बाहेर शिजवलेल्या बेसनाचा पातळ थर, आत भाजलेल्या खोबऱ्या-तिळाचं सारण, तिच्याबरोबर झणझणीत काळा रस्सा आणि बाजरीची भाकरी. सप्ताहाच्या जेवणात, माळकरी घरांतल्या पाहुणचारात, जिथे मटण चालत नाही पण बेत साधाही चालत नाही, तिथे मासवडी होते. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरपासून आळेफाट्यापर्यंत ती हॉटेलांच्या पाट्यांवर दिसते, आणि पुण्यात भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी महिला बचत गटांच्या स्टॉलवर तिच्यासाठी रांग लागते.

हॉटेलात ती नेहमी रश्श्याबरोबरच मिळते. म्हणून ती रश्श्याशिवाय खायची नसते, असा समज झाला आहे. पण जिच्या हातून मासवडी होते तिला विचारा. रस्सा उकळायच्या आधीच घरातली मुलं वळकटीच्या कडेचे तुकडे पळवतात, ती कोरडीच खातात आणि तीच त्यांना सगळ्यांत आवडते. कोरडी, निवलेली, अर्ध्या बोटाएवढ्या जाडीची कापलेली मासवडी परातीच्या मधोमध ठेवायला मला दुसऱ्या कुठल्याही पदार्थापेक्षा योग्य वाटते. ती तळलेली नाही, त्यामुळे मऊ पडायची भीती नाही. कापल्यावर आतलं काळपट सारण आणि बाहेरची पिवळी कड दिसते, वरून कोथिंबीर आणि खसखस. आणि ती गरम असताना नीट कापलीच जात नाही. तिला तासभर निवू द्यावंच लागतं. गरम वाढण्याचा आपला हट्ट मासवडी आपणहून मोडते.

कृती पुढे सविस्तर आहे, पण तिच्यातली मेख इथेच सांगते. सारणासाठी सुकं खोबरं किसून मंद आचेवर तांबूस भाजायचं, तीळ वेगळे भाजायचे, कांदा उभा चिरून कोरडा होईपर्यंत परतायचा, लसूण सढळ हाताने. मग घरचा काळा मसाला, मीठ, कोथिंबीर. हे सारण वाटताना पाणी लावायचं नाही. ओलं सारण वळकटी फोडतं. बाहेरच्या थरासाठी एका वाटी बेसनाला दीड ते पावणेदोन वाट्या पाणी, त्यात फोडणी, हळद, वाटलेली मिरची-लसूण, मीठ. पाण्याला खळखळून उकळी आली की आच कमी करून एका हाताने बेसन सोडायचं आणि दुसऱ्या हाताने लाटण्याच्या टोकाने घोटत राहायचं. गुठळी राहिली तर ती शेवटपर्यंत राहते. झाकण ठेवून चांगल्या दोन वाफा आणायच्या, कारण कच्चं बेसन निवल्यावर जास्तच जाणवतं. मग ओल्या फडक्यावर खसखस, खोबऱ्याचा कीस आणि कोथिंबीर पसरून त्यावर गरम पिठलं पाण्याचा हात लावत पातळ थापायचं, मधोमध सारणाची लांब ओळ घालायची आणि फडक्यानेच उचलून एकावर एक कडा आणायच्या. बोटांनी दोन्ही बाजूंनी दाबत माशासारखा उभट आकार द्यायचा. पिठलं गरम असतानाच हे सगळं उरकायला हवं. हात भाजतात. ज्यांच्या हाताला सवय नाही त्यांनी एका वेळी अर्धंच पीठ शिजवावं.

दोन वाट्या बेसनाच्या चार वळकट्या होतात, त्यातून तीसेक वड्या निघतात. परातीत इतर पदार्थ असतील तर आठ माणसांना या पुरतात. आदल्या रात्री करून, ओलसर फडक्यात गुंडाळून, फ्रिजमध्ये ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी कापायला आणखी सोप्या जातात. फक्त वाढण्याआधी तासभर बाहेर काढाव्यात. थंडगार खोबऱ्याला चव नसते.

मासवडीच्या आजूबाजूला काय ठेवायचं हे महिना ठरवतो, आणि या मुलखात महिन्याबरोबर गावही बदलतं. पश्चिमेला भीमाशंकर, आहुपे, नाणेघाटाकडे पाऊस कोसळतो, भात आणि नाचणी होते. वीस-पंचवीस कोस पूर्वेला गेलं की आणे-बेल्ह्याकडे कोरडवाहू ज्वारी-बाजरी. मधल्या पट्ट्यात कुकडी, मीना, घोड या नद्या आणि माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे या धरणांचं पाणी. इतक्या थोड्या अंतरात इतकं वेगवेगळं पिकतं, की बाहेरून काही आणायची वेळ क्वचितच येते.

बटाट्याचंच घ्या. आंबेगावच्या सातगाव पठारावर, पेठ-कुरवंडीच्या बाजूला, पावसाच्या पाण्यावर बटाटा होतो. जूनमध्ये लागवड, पावसाळा सरता सरता काढणी, आणि मंचरच्या बाजारात विक्री. त्यातला बारीक बटाटा, लिंबाएवढा, बाजारात मागे पडतो आणि परातीला तोच हवा असतो. सालीसकट मिठाच्या पाण्यात उकडायचा, तळहाताने हलकेच दाबून चपटा करायचा, लोखंडी तव्यावर थोड्या तेलात लसूण आणि तिळाबरोबर दोन्ही बाजूंनी खरपूस करायचा. निवला तरी चांगला लागतो. शिवाय उन्हाळ्यात घराघरात वाळत घातलेल्या बटाट्याच्या चकत्या, कुरडया, पापड्या असतातच. डब्यातलं वाळवण हीच खरी तयारी. तळायला पाच मिनिटं, आणि तेही पाहुणे यायच्या आधी.

टोमॅटोसाठी नारायणगाव. जुन्नर बाजार समितीच्या तिथल्या उपबाजारात हंगामात क्रेटच्या थप्प्या लागलेल्या असतात. जुलै २०२३ मध्ये वीस किलोच्या क्रेटचा भाव दोन हजारांवर गेला होता, आणि दुसऱ्या एखाद्या वर्षी तोच टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओतावा लागतो. या चढउताराने घरं वर येतात आणि बसतातही. ज्या वर्षी भाव नसतो त्या वर्षी तरी निदान आपल्या ताटात तो भरपूर असावा, असं मला मनापासून वाटतं. परातीसाठी मी पिकलेला टोमॅटो घेत नाही, त्याला पाणी सुटतं. हिरवा, घट्ट टोमॅटो चिरून मिरची-लसणाबरोबर परतायचा, भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर जाडसर ठेचायचा. ही आंबट चटणी मासवडीबरोबर इतकी जमते की रश्श्याची आठवण येत नाही.

थंडीत पूर्वेकडे हुरडा. ज्वारीचं कणीस दाण्यात भरलेलं पण कोवळं असतानाचे ते थोडेच दिवस. आगटीतून काढून हातावर चोळलेला गरम हुरडा शेतातच खायचा, तो परातीत येत नाही. पण त्याच्याबरोबर शेतात जे मांडतात, लसणाची चटणी, तीळकूट, गूळ, शेव, ती स्वतःच एक परात आहे. ज्यांना ही पद्धत परकी वाटते त्यांनी हुरड्याची आगटी आठवावी. तिथे सगळे गोल बसतात, कुणाचं वेगळं ताट नसतं.

जानेवारीच्या अखेरीपासून द्राक्षं. जुन्नरची काळी जंबो द्राक्षं लांबट, करकरीत आणि गोड असतात, त्यांचा घड परातीत नुसता ठेवला तरी शोभा येते. पण नुसता ठेवू नका. धुऊन, फडक्यावर पूर्ण कोरडे करून, कात्रीने पाच-सहा मण्यांचे छोटे झुपके करा. अख्खा घड असला की लोक संकोचाने हातच लावत नाहीत.

द्राक्षांबरोबर चीज ठेवा, असं मी सुचवते तेव्हा खेड्यातल्या मैत्रिणी आश्चर्य करतात. खरं तर त्यांच्याच गोठ्यातलं दूध त्यात गेलेलं असण्याची शक्यता आहे. मंचरजवळ अवसरी फाट्यावर पराग मिल्क फूड्सचा कारखाना आहे. १९९२ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचं गोवर्धन तूप आणि गो चीज देशभर जातं. दूध सकाळ-संध्याकाळ इथून गोळा होतं आणि त्याचं चीज मुंबई-दिल्लीच्या हॉटेलांत काळ्या द्राक्षांशेजारी मांडलं जातं. द्राक्षंही कित्येकदा इथलीच. मग इथल्याच ओसरीवर ती दोन शेजारी आली तर त्यात परकं काय? चीजचे बोटभर तुकडे, दोन झुपके द्राक्षं, बाजूला कारळ्याची चटणी. चीजच्या खारटपणाला कारळ्याचा तो किंचित कडसर, तेलकट स्वाद फार चांगला जुळतो.

द्राक्षांच्या निमित्ताने आणखी एक. १९८० च्या दशकात नारायणगावजवळ चॅम्पेन इंडेजने फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळती वाइन बनवली आणि ती ओमर खय्याम या नावाने परदेशातही विकली गेली. तो उद्योग पुढे बंद पडला, द्राक्षबागा वाढतच राहिल्या. जगात बहुतेक ठिकाणी अशी सामायिक तबकं मद्याच्या सोबतीने वाढली. लेबनॉन-सीरियातलं मेझ्झे, इटलीतलं अँटिपास्तो, रशियातलं झाकुस्की, सगळीकडे छोटे खारट-आंबट घास आणि पेला. आपल्या घरांत पेल्याच्या जागी ताक, कोकम सरबत किंवा उसाचा रस येतो. त्यामुळे तिखट आणि तीळ-खोबऱ्याचा भाग वाढवला आहे, खारट कमी केलं आहे. ताकाबरोबर फार खारट नको वाटतं.

पश्चिमेच्या डोंगरातल्या परातीसाठी मी वेगळा भाग केला आहे, कारण ती चव वेगळी आहे. महादेव कोळी आणि ठाकर घरांत नाचणी, वरई, खुरासणी आणि रानभाज्या यांच्यावर वर्ष निघतं. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळालं ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, आणि बुडालेल्या जमिनींवरची भातखाचरं परत आली नाहीत. धरणाच्या कडेला राहिलेल्या लोकांच्या स्वयंपाकात आता जलाशयातला मासाही आहे. नाचणीचे पापड, नाचणीच्या भाकरीचे पुन्हा शेकून कडक केलेले तुकडे, त्यावर लसणाची चटणी, हे अगदी साधं. पावसाळ्यात कुर्डू किंवा टाकळ्याची कोवळी पानं बारीक चिरून, ज्वारीच्या आणि हरभऱ्याच्या पिठात मिसळून, तळहाताएवढी थालिपीठं लावता येतात. करटोली कोरडी परतून ठेवता येतात. एक विनंती आहे. रानभाजी ओळखणाऱ्याकडूनच घ्या आणि कशी शिजवायची हेही त्याच बाईला विचारा. काही पानं उकळून पाणी टाकल्याशिवाय खायची नसतात. आणि तिने सांगितलेला भाव घासाघीस न करता द्या. तो पाला गोळा करायला ती पहाटे डोंगरावर गेलेली असते.

आता उष्ट्याचा प्रश्न. एका परातीतून सगळ्यांनी खायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला विचार हाच येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. स्वच्छतेचा भाग त्यात आहेच. म्हणून परातीत सगळं कोरडं आणि सुटं हवं, ओल्या चटण्या वाटीत आणि प्रत्येक वाटीत चमचा, आणि प्रत्येकाच्या हातात पळसाचा द्रोण किंवा छोटी ताटली. परातीतून उचलायचं, द्रोणात घ्यायचं, द्रोणातून खायचं. द्रोणातलं परत परातीत जात नाही. एवढं पाळलं की प्रश्न संपतो.

पण उष्ट्याच्या नावाखाली आपण दुसरंही बरंच काही सांभाळलं. कुणाची पंगत कुठे बसेल, कुणाला वरून पाणी वाढायचं, कुणाच्या घरचं खायचं नाही, हे याच गावांत आजोबा-पणजोबांच्या पिढीने पाहिलेलं आहे, काहींनी भोगलेलं आहे. सप्ताहाच्या शेवटी काल्याच्या कीर्तनानंतर सगळ्यांच्या हातावर एकाच हंडीतला काला पडतो. वारकऱ्यांनी तो टिकवला, वर्षातून एकदा का होईना. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असं मानतात त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे इथे आहे आणि लोक तिथे हात जोडतात. घरातली परात त्या काल्याच्या जवळची आहे, असं मी मानते. तिच्याभोवती बसायला कुणाला बोलवायचं हे ठरवताना शेतावर कामाला येणाऱ्या बायका, द्राक्षबागेत छाटणीला आलेले मजूर, दूध घालायला येणारा पोऱ्या, यांचाही विचार व्हावा. ते पाहुणे नाहीत असं समजायचं कारण मला सापडत नाही.

परात मांडण्याविषयी थोडं. पितळेची कल्हई केलेली किंवा स्टीलची मोठी परात घ्या. पितळेला कल्हई नसेल तर आंबट चटणी आणि चिंच-लिंबू लावलेलं काही तिच्यात थेट ठेवू नका, खाली केळीचं पान घाला. पदार्थ पाचापेक्षा जास्त नकोत. एक भरीव, बहुतेक वेळा मासवडी किंवा बटाटा. एक कुरकुरीत, म्हणजे वाळवण किंवा कडक भाकरी. एक ओलं-आंबट. एक फळ किंवा काकडी-गाजर. आणि गूळ-शेंगदाणे, किंवा हंगाम असेल तर मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा. शेंगा ठेवल्या तर टरफलांसाठी वेगळी वाटी हवीच. पाहुण्यांसमोर दहा-बारा पदार्थ मांडण्याचा मोह होतो. त्याने परात भरलेली दिसते, पण पुढचं जेवण मागे राहतं आणि करणारी बाई पुन्हा दोन दिवस राबते. मग हा सगळा खटाटोप कशासाठी?

चैत्र-वैशाखातल्या उन्हात काळजी घ्या. शिजवलेलं बेसन, उकडलेला बटाटा, चीज हे दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये, कडक ऊन असेल तर तासाभरातच संपवावं. जत्रेच्या दिवशी म्हणूनच एकदम सगळं मांडायचं नाही. छोटी परात, आणि आतून थोडं थोडं भरत राहायचं. हे भरण्याचं काम घरातल्या पुरुषांकडे आणि मुलांकडे द्यावं. फडकं उचलून वड्या मांडायला कुठलंच कसब लागत नाही.

मांसाहारी परातीची पानं शेवटी आहेत. माळकरी घरांत ती उलटून पुढे जाता यावं म्हणून ती वेगळी ठेवली. त्यात भाजलेल्या सुकटीची चटणी आहे. आठवडे बाजारात सुकट-बोंबील घेऊन बसणाऱ्या बायका इथे कायमच्या आहेत. माळशेज घाट ओलांडून येणारा हा कोकणाचा वास घाटावरच्या घरांना परका नाही. सुकट निवडून, कोरडी भाजून, कांदा-लसूण आणि कोथिंबिरीबरोबर ठेचली की कडक भाकरीच्या तुकड्यावर ती चिमूटभर पुरते. उकडलेली अंडी अर्धी कापून त्यावर काळा मसाला, एवढंही चालतं. मटण मात्र परातीत आणू नका. त्याची पंगत वेगळी, त्याचा रस्सा गरमच हवा, आणि तिथे माझा काही वाद नाही.

ही पुस्तिका वाचणारे सगळेच काही शिवनेरीच्या पायथ्याशी राहत नाहीत. जुन्नर २०१८ मध्ये राज्याचा पहिला पर्यटन तालुका जाहीर झाला तेव्हापासून लेण्याद्री, ओझर आणि किल्ला बघायला येणारे वाढले, द्राक्षांच्या दिवसांत बागा बघायला येणारेही वाढले. त्यांतले काही जण परत जाताना मासवडीची कृती विचारून घेतात. पिंपरीतल्या किंवा ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये, किंवा परदेशातल्या घरात, काय बदलायचं हे प्रत्येक कृतीखाली दिलं आहे. सुकं खोबरं मिळालं नाही तर डेसिकेटेड चालतं, पण ते लवकर करपतं, म्हणून तिळानंतर, आच बंद करून, गरम कढईतच परतावं. काळा मसाला माहेरहून येतो तोच घाला. बाजारचा घेतला तर आधी थोडा चाखून मिठाचं प्रमाण ठरवा, बऱ्याच तयार मसाल्यांत मीठ असतं. खसखस काही देशांत आणू देत नाहीत, तिथे नुसते पांढरे तीळ लावा. बाजरीच्या भाकरीऐवजी ज्वारीची चालेल. कडक करताना तुकडे तव्यावर मंद आचेवर ठेवून वाटीने दाबावेत, म्हणजे ते वाकडे होत नाहीत.

परात संपली नाही तर मासवड्या वेगळ्या डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी थोड्या तेलावर दोन्ही बाजूंनी शेकल्या तर कड कुरकुरीत होते. रश्श्यात घालायच्या असतील तर रस्सा ताटात वाढल्यावरच घाला. आधी सोडल्या तर अर्ध्या तासात बेसन फुगतं आणि सारण सुटून रस्सा गढूळ होतो.